गिधाडे गेली, मग काय झाले?

विद्यार्थी मित्रांनो, 'परिसरातील बदलांचा सजीवांवर होणारा परिणाम सांगा' असा प्रश्न तुमच्या परीक्षेत येतो. तुम्ही लिहिता, जंगलतोड झाली, धुराने हवा बिघडली, पशुपक्षी कमी झाले. उत्तर बरोबर आहे, त्याला गुणही मिळतात. पण परिसरातला बदल दर वेळी कुऱ्हाड घेऊन किंवा धूर सोडत येत नाही. कधी तो बोटाएवढ्या काचेच्या बाटलीतून येतो, आणि तोही दुखणे बरे करण्यासाठी. अशाच एका बदलाची हकिगत आज सांगायची आहे. ती आमच्या डोळ्यांदेखत घडली आहे.

आमचे लहानपण १९७० च्या सुमारास सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. आमची वस्ती गावकुसाबाहेर, ओढ्याच्या काठाला. ओढ्यापलीकडे मेलेली जनावरे टाकण्याचा माळ होता. तिथे जनावर पडले की आधी आभाळात एक ठिपका दिसे. मग दोन, मग दहा, आणि बघता बघता माळ गिधाडांनी भरून जाई. ही गिधाडे वासाने नव्हे, नजरेने अन्न शोधतात. उंच घिरट्या घालणारे एक गिधाड खाली उतरले, की ते पाहून दुसरे येते, दुसऱ्याला पाहून तिसरे. तास-दोन तासांत बैलाएवढ्या जनावराची नुसती हाडे उरत. दुपारी मेलेल्या जनावराचा संध्याकाळी वाससुद्धा येत नसे.

त्या माळाशी आमच्या घरांचे नाते जुने आणि कडू आहे. गावातले मेलेले ढोर ओढून नेणे हे काम आमच्या आज्या-पणज्यांच्या गळ्यात जन्मानेच बांधलेले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, स्वाभिमानाने जगा, असे सांगितले. तो निरोप गावोगाव पोचला. आमच्याही वस्तीतल्या जाणत्या माणसांनी एके दिवशी दोर खाली ठेवला. गावाने मजुरी बंद केली, पिठाची गिरणी बंद केली. म्हाताऱ्यांनी उपास काढले, पण दोर पुन्हा उचलला नाही. मग ज्याचे जनावर तोच ते बैलगाडीला बांधून माळावर नेऊ लागला.

माणसाचे काम माळापर्यंतच होते. पुढची सफाई गिधाडे करीत. ती कोणाच्या हुकमाने येत नसत आणि त्या कामामुळे निसर्गात त्यांना विटाळही होत नसे. काम घाणीचे होतेच. पण ते एकाच जातीवर लादून तिलाच घाण म्हणणे ही माणसाची करणी. गिधाडाच्याही वाट्याला माणसाकडून कधी चांगला शब्द आला नाही. घरावर बसले तर अपशकुन, हावरट माणसाला शिवी द्यायची तर गिधाड म्हणायचे. सफाई करणाऱ्याला नावे ठेवण्याची आपल्या समाजाची खोड पक्ष्यांपर्यंत पोचलेली होती.

खरे पाहता गिधाडाचे शरीर या कामासाठीच घडलेले आहे. डोक्यावर आणि मानेवर पिसे विरळ असतात, त्यामुळे घाण चिकटून राहत नाही. पोटातले आम्ल इतके तीव्र, की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू त्यात मरून जातात. जनावरांना होणाऱ्या फाशी रोगाने मेलेले ढोरही ती खाऊन पचवतात. म्हणजे गिधाड नुसते मढे संपवत नव्हते, रोगाची वाटही अडवत होते.

पुढे पोटापाण्यासाठी आम्ही मुंबईला आलो. गावी जाणे मे महिन्याच्या सुटीत, लग्नकार्यात. १९९५ नंतर जाऊ तेव्हा माळावर काही तरी चुकल्यासारखे वाटे. ढोरे चार-चार, पाच-पाच दिवस फुगून पडलेली असत. वारा वस्तीकडे वळला की घास घशाखाली उतरत नसे. आभाळ मात्र मोकळे. गावात जो तो आपापले कारण सांगे. कोणी म्हणे, अन्न मिळेना म्हणून गिधाडे परमुलखात गेली. कोणी म्हणे, अपशकुनी पाखरू गेले ते बरे झाले.

आता मित्रांनो, विज्ञान इथेच सुरू होते. अन्न मिळेना म्हणावे, तर अन्न समोर सडत पडले होते. मग गिधाडे गेली का?

राजस्थानात भरतपूरला केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे पक्षिशास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांना १९९० च्या दशकात गिधाडे माना खाली टाकून झाडावर बसलेली दिसू लागली. काही दिवसांनी तीच झाडाखाली मरून पडलेली दिसत. पुष्कळांना वाटले, एखादी साथ असावी. जंतू शोधले गेले, विषारी कीटकनाशके शोधली गेली. नेमके उत्तर शेजारच्या पाकिस्तानात सापडले. तिथे डॉ. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या गिधाडांची तपासणी केली. मूत्रपिंडे निकामी झालेली, आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर. अशा गिधाडांच्या शरीरात एक औषध सापडले. त्याचे नाव डायक्लोफिनॅक. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला.

डायक्लोफिनॅक हे सूज आणि वेदना कमी करणारे औषध आहे. तुमच्या-आमच्या घरातही कंबरदुखीवर, सांधेदुखीवर ते आलेले असेल. १९९० नंतर ते स्वस्त झाले आणि गुरांनाही टोचले जाऊ लागले. बैलाचा पाय सुजला, गाईची कास दुखावली, म्हातारे जनावर बसून राहिले, की एक सुई. शेतकऱ्याच्या मनात वाईट काहीच नव्हते. जनावराची कळ त्याला बघवत नव्हती. पण सुई दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेले, तर औषध त्याच्या मांसात उरे. ते मांस गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे बंद पडत. गाईला चालले, माणसाला चालले, ते गिधाडाला मात्र विष ठरले. एका जिवाचे औषध दुसऱ्या जिवाचे मरण असू शकते, हे या हकिगतीतून शिकण्यासारखे आहे.

तुम्ही विचाराल, अशी औषध टोचलेली ढोरे असून असून किती असणार? शास्त्रज्ञांनी तोही हिशेब मांडला. शंभर मढ्यांत एखाद्यात जरी असे मारक औषध असले, तरी सगळी गिधाडे संपायला तेवढे पुरते. कारण एका मढ्यावर गिधाडांची अख्खी पंगत बसते आणि वर्षभरात प्रत्येक गिधाड अशा कितीतरी पंगतींना जाते. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लाला वयात यायला चार-पाच वर्षे लागतात. मरण झपाट्याचे आणि जन्म संथ, असा हा हिशेब. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांपैकी १९९२ साली भारतात हजार होती असे धरले, तर २००७ साली त्यांतले जेमतेम एक उरले होते. लांब चोचीच्या गिधाडांचीही शंभरातली सत्त्याण्णवच्या आसपास गेली.

पण हकिगत गिधाडांशी संपत नाही. गिधाडे गेली तरी मढी पडतच राहिली. ती खायला कुत्री आली. अन्न भरपूर मिळाले तसा त्यांचा वंश वाढला. कुत्र्याच्या पोटात गिधाडासारखे आम्ल नसते. ते रोग संपवत नाही, उलट पिसाळले तर दुसऱ्याला देते.

आमच्या भावकीतला नऊ वर्षांचा एक मुलगा २००१ च्या उन्हाळ्यात ओढ्याकडे शेळ्या घेऊन गेला होता. माळावरच्या कुत्र्यांतले एक त्याच्या पोटरीला चावले. जखम लहानशी होती. घरच्यांनी हळद भरली, फडके बांधले. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात नेले, तर लस शिल्लक नव्हती. तालुक्याला जा म्हणाले. त्या दिवशीची मजुरी आणि गाडीभाडे, दोन्हींचा मेळ बसेना. जखम तर भरून आली होती. महिना उलटला आणि पोर पाणी पाहून घाबरू लागले. आम्हांला मुंबईत निरोप मिळाला, तोवर सारे संपले होते. पाचवीत जाणार होता. त्याची नवी पुस्तके आणून ठेवलेली होती.

त्या एका कुत्र्याचा दोष गिधाडांच्या जाण्यावर टाकता येणार नाही. कुत्री आधीही होती, रेबीजही होता. त्या पोराचा जीव हळदीने घेतला, नसलेल्या लशीने घेतला, आणि गरिबीने घेतला. पण साऱ्या देशाचा हिशेब मांडला तर साखळी स्पष्ट दिसते. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसे जास्तीची मेली, असा त्यांचा अंदाज आहे. सडलेली मढी, दूषित पाणी, वाढलेली कुत्री अशा वाटांनी हे मरण आले. आता विचार करा, ढोरे टाकायचे माळ कोणाच्या घराजवळ असतात? ओढ्याचे पाणी कोण पिते? अनवाणी शेळ्यांमागे कोणाची पोरे जातात? परिसर बिघडतो तेव्हा त्याचा फटका सर्वांना सारखा बसत नाही. साखळीच्या टोकाला जो उभा असतो, त्याला तो आधी बसतो.

कारण सापडले म्हणून उपायही करता आला. २००६ साली भारत सरकारने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तरीही माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात. म्हणून २०१५ साली हे इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपेक्षा मोठ्या बाटलीत विकायला मनाई झाली. गुरांसाठी मेलॉक्सिकॅम नावाचे दुसरे औषध आहे. त्याने जनावराची वेदना शमते आणि गिधाडालाही अपाय होत नाही. गिधाडांना घातक ठरलेल्या किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या औषधांचा गुरांसाठीचा वापरही २०२३ साली बंद केला गेला.

हरियाणात पिंजोर येथे गिधाडांच्या पैदाशीचे केंद्र आहे. तिथे वाढलेली काही गिधाडे २०२४ साली विदर्भातल्या पेंच आणि ताडोबा व्याघ्र प्रकल्पांत आणली गेली. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याच्या बाजूला आणि नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांनी तग धरलेला आहे. गावकरी त्यांना जपत आहेत. वर्षाला एक अंडे, एवढ्या गतीने ती सावरणार आहेत. पंधरा वर्षांत जे गेले, ते पंधरा वर्षांत परत येणारे नाही.

आता आपण काय करायचे? तुमचे मामा-काका गावी गाई-म्हशी, शेळ्या पाळत असतील. जनावराला सुई देताना डॉक्टरांना मेलॉक्सिकॅमविषयी विचारा, आणि माणसाचे औषध गुरांना टोचू नका, असे त्यांना सांगा. औषध टोचलेले जनावर मेले तर ते उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरायला सांगा. ते पुरण्याची सोय करणे ग्रामपंचायतीचे काम आहे. ते काम पुन्हा एखाद्या वस्तीच्या माथी मारले जात असेल, तर आपल्या माणसांनी ग्रामसभेत उभे राहून विचारले पाहिजे.

आया-बापांनाही एक सांगणे आहे. कुत्रे चावले, नुसते ओरखडले तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नका. भगताकडे जाऊ नका. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांना ती पुरी करा. जखम खोल असेल तर जखमेत द्यायच्या वेगळ्या इंजेक्शनबद्दलही विचारा. एका दवाखान्यात लस नसेल तर त्याच दिवशी दुसरा गाठा. गाडीभाड्याला पैसे नसतील तर शेजाऱ्यापाशी मागा, विहारात सांगा, पण दिवस घालवू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर औषध नाही. त्याच्या आधी मात्र हमखास आहे. आणि कुत्र्यांना दगड मारूनही काही साधत नाही. त्यांची नसबंदी आणि लसीकरण करण्यासाठी नगरपालिकेच्या मागे लागावे लागते.

आणि मित्रांनो, एक वही घाला. तुमच्या वस्तीत, शाळेच्या वाटेवर, गावी गेल्यावर कोणते पक्षी, किडे, बेडूक, झाडे दिसतात, ते तारीख घालून लिहा. पुढच्या वर्षी पुन्हा लिहा. एखादे नाव यादीतून गळाले तर अपशकुन, शकुन, नशीब असल्या उत्तरांवर थांबू नका. ते का गळाले, आणि ते करीत होते ते काम आता कोण करणार, हे दोन प्रश्न गुरुजींना विचारा, बाईंना विचारा. आमच्या गावात हे दोन प्रश्न विचारणारे त्या वेळी कोणी नव्हते. आता तुम्ही आहात.