कुनाची गं तू?

मंडळी, पोस्ट लांबली आहे. सवडीने वाचा, पण निम्म्यावर सोडून निष्कर्षाला जाऊ नका, एवढीच विनंती.

2025 च्या जून-जुलैत सांगली जिल्ह्यात काय झालं ते बहुतेकांना आठवत असेल. एका तरुण विवाहितेचा मृत्यू, धर्मांतरासाठी छळ झाल्याचा आरोप, मोर्चा, त्या मोर्चात मिशनऱ्यांना मारणाऱ्यांसाठी व्यासपीठावरून जाहीर झालेली बक्षिसं, आणि मग त्याविरुद्ध राज्यभर ख्रिस्ती लोकांचे मोर्चे. एक मुलगी जीवानिशी गेली. त्याचा सोक्षमोक्ष कोर्टात लागावा आणि जो दोषी असेल त्याला शिक्षा व्हावी, यात दुसरं मत असायचं कारणच नाही. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या हवेबद्दल. ‘मिशनरी’ हा शब्द आमच्याकडे आता शिवीसारखा वापरतात, आणि ज्या भागात तो वापरतात तिथे मी दर महिन्याला जाते.

मी निवृत्त नर्स. जन्म मिरजेचा, शिक्षण मिरजेच्या मिशनच्या दवाखान्यात, लग्न होऊन साताऱ्यात आले त्याला 32 वर्षं झाली. धर्माने ख्रिस्ती, तिसऱ्या पिढीची. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या चर्चमधले पाच-सहा जण माण-खटावच्या वाड्यावस्त्यांवर जातो. कोरेगाव, पुसेगाव, गोंदवलं करत दहिवडीच्या अलीकडे-पलीकडे. बीपी, साखर, डोळे, जखमांची मलमपट्टी. जास्त काही दिसलं तर चिठ्ठी देऊन सिव्हिलला पाठवायचं, लागलं तर बरोबर जायचं. चर्चच्या वहीत याची नोंद ‘मिशन कार्य’ अशी होते. आमचे हे त्याला ‘तुझी शनिवारची फेरी’ म्हणतात.

गाडी वस्तीच्या कडेला थांबली की लोक आधी नंबर प्लेट बघतात, मग आम्हा बायकांची कपाळं. टिकली नाही म्हटल्यावर नाव विचारतात. माझं आडनाव त्याच गावातल्या चार घरांचं असतं, त्यामुळे चेहरा जरा सैल होतो. नाव सांगितलं की पुन्हा आवळतो. आडनावावरून जात, नावावरून धर्म. दोन्ही कळलं की समोरचा निवांत होतो, कारण आता आपल्याशी कसं वागायचं ते त्याचं ठरलेलं असतं. यात त्याला दोष देऊन काय करायचं? एस.टी.त शेजारी कोण बसलंय हे आपण सगळेच असंच ताडतो.

एका वस्तीवर एक आजी ओट्यावर वाकळ शिवत बसल्या होत्या. मी मशीनची पिशवी घेऊन जवळ गेले, तर मान वर न करता म्हणाल्या, “बाटवायला आलायसा न्हवं?”

याला उत्तर काय देणार? ‘नाही’ म्हटलं तरी खोटं वाटतं, ‘आम्ही तसे नाही’ म्हटलं तर आणखीच. मी विचारलं, “कुणासाठी शिवताय?”

“नातीच्या पोराला.”

मग बराच वेळ काही नाही. दोरा संपला तेव्हा त्यांनी सुई डोळ्याजवळ नेली, लांब नेली, पुन्हा जवळ आणली. शेवटी माझ्याकडे न बघताच पुढे केली. “ओवून दे.” मी ओवली. दुसरी सुई तिथेच वाकळीत खोचलेली होती, तीही ओवली आणि खाली पायरीवर बसून दुसऱ्या कडेने धावदोरा घालायला लागले. माझे टाके त्यांना पसंत पडले नाहीत. “लांब घालतीयास,” म्हणाल्या. तीन-चार वेळा तरी उसवायला लावलं. आमची बाकीची मंडळी तोवर चार घरं करून आली.

अर्ध्या-पाऊण तासाने त्यांनी विचारलं, “कुनाची गं तू?”

शहरात हा प्रश्न कुणी विचारत नाही. खेड्यात त्याचा अर्थ, तुझा बाप कोण, गाव कुठलं, तुला कुठल्या घरात ठेवू? मी वडिलांचं आडनाव सांगितलं, मिरज सांगितलं. आजींचा हात थांबला. “मिरजंची? मिशनच्या दवाखान्याकडची?” मग सगळं बाहेर पडलं. मालकांना बैलाने पोटात शिंग मारलं होतं, विट्यावरनं मिरजेला नेलं, महिनाभर तिथे आवारात चूल मांडून राहिल्या, माणूस चालत घरी आला. बोलता बोलता त्यांनी दंड स्वतःहून पुढे केला. बीपी 190 च्या वर निघालं.

त्या दिवशी माझी सुई कामाला आली, आणि माझ्या जन्माच्या कितीतरी आधी मिरजेत कुणी केलेली पुण्याई कामाला आली. दुसरीचं श्रेय मी कसं घेणार? पण ती पुण्याई कशी साठली ते सांगितलं पाहिजे, कारण ‘मिशनरी’ म्हणून ओरडणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरातलं कुणी ना कुणी त्या दवाखान्यातून बरं होऊन आलेलं असतं.

विल्यम जेम्स वॉन्लेस हा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर 1889 साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सांगलीत आला. सोबत पत्नी मेरी. आधी सांगलीत लहानसा दवाखाना, मग मुक्काम मिरजेला, आणि 1894 मध्ये हॉस्पिटल उभं राहिलं. पुढे नर्सिंगचं शिक्षण, डॉक्टरकीचं शिक्षण, कुष्ठरोग्यांसाठी वेगळा दवाखाना, क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे पार कर्नाटकातून पेशंट येत. 1928 पर्यंत, म्हणजे जवळजवळ 40 वर्षं, हा माणूस इथे होता. आज सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी आहे. गंमत बघा, परदेशी आडनावाला आपल्या लोकांनी चक्क ‘वाडी’ जोडली. बारामती-पुण्याकडच्या माणसाला वाटतं, कुणीतरी वानळसे पाटील असतील. 1962 साली मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज निघालं तेही या दवाखान्याच्या आधारावर.

आता विचार करा, परका देश, परका धर्म, हातात सुरी. त्या काळच्या माणसाला त्याची पहिली नजर काय पडली असेल? आमची आई त्याच दवाखान्यात नर्स होती, वॉन्लेसच्या कितीतरी नंतरच्या काळात. ती सांगायची, तिच्या वेळीही वॉर्डात अशी माणसं यायची की तिच्या हातचं पाणी चालायचं नाही, गोळी मात्र चालायची. औषधाला विटाळ नाही! आई वाद घालायची नाही. त्यांच्याच माणसाच्या हातात तांब्या द्यायची, आपण गोळी द्यायची. आठ-दहा दिवसांनी टाके निघायच्या सुमाराला तोच पेशंट म्हणायचा, “सिस्टर, जरा पाणी द्या.” आई हे सांगताना कधी जिंकल्याच्या सुरात सांगत नसे. “तहान लागली होती त्याला,” एवढंच.

ऑपरेशनच्या आधी प्रार्थना करायची तिथली रीत होती, ती लपवून ठेवलेली नव्हती. सेवा आणि धर्म तिथे एकाच छताखाली होते, आणि हे पेशंटलाही ठाऊक होतं. ते आज सोयीस्करपणे विसरून ‘ती निव्वळ समाजसेवा होती’ असं आमच्यातले काही जण सांगतात, ते मला पटत नाही. धर्म होताच. पण धर्म न घेता बरं होऊन गेलेल्यांची रांग फार मोठी आहे, आणि त्यांच्याकडून कुणी पैसे परत मागितले नाहीत की श्रद्धा.

साताऱ्याच्या मंडळींना आणखी एक आठवण करून द्यायची आहे. रेव्हरंड टिळक, म्हणजे कवी नारायण वामन टिळक. कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृतचे पंडित. 1893 च्या सुमाराला राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांच्या डब्यात एक युरोपियन प्रवासी होता. दोघांचं बोलणं निघालं ते संस्कृत काव्यावरून. उतरण्याआधी त्याने टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाचं नाव टिळकांना कधीच कळलं नाही. लोक भाकिताचं कौतुक करतात. मला मात्र त्या आधीचा अर्धा प्रवास महत्त्वाचा वाटतो. समोरच्या शेंडीवाल्या माणसाला जे प्रिय आहे ते या साहेबाला ठाऊक होतं, आणि त्याने सुरुवात तिथून केली.

याच टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. कीर्तन, भजन, अभंग, सगळं आपल्या मातीतलं. दोनच वर्षांत, 1919 च्या मे महिन्यात, ते मुंबईत वारले आणि दरबार पुढे फारसा वाढला नाही. साताऱ्यात आज दहा जणांना विचारलंत तर नऊ जणांना हे माहीत नसतं. पण पाण्यात न उतरलेल्यालाही आपला म्हणायचं, हा विचार आमच्याच गावात 100 वर्षांपूर्वी कुणी जगून बघितला होता, याचा मला चर्चच्या मीटिंगांमध्ये फार आधार वाटतो. कारण सांगते.

त्या 2025 च्या पावसाळ्यानंतर आमची गाडी एका गावात पोरांनी अडवली. सात-आठ जण, गळ्यात भगवे गमछे. आमच्या गाडीतली दोन तरुण मुलं पांढरीफटक पडली. पोरांनी पिशव्या उघडायला लावल्या. बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, कापूस, मलम, आणि माझ्या पर्समध्ये माझा स्वतःचा नवा करार. एकाने तो वर धरला. “हे काय?”

“माझा आहे. वाटायला नाही आणलेला. वाचतो का?”

तो ओशाळल्यासारखा झाला आणि पुस्तक परत ठेवलं. त्यांच्यातल्या थोराड पोराने आमचा फोटो काढला, गाडीचा नंबर लिहून घेतला. मी म्हटलं, माझा मोबाइल नंबरही लिहून घे, म्हणजे पुढच्या खेपेला गाडी अडवायच्या आधी फोन करता येईल. कुणीतरी हसलं. जायची परवानगी मिळाली, पण तो थोराड काही हसला नाही.

तीन आठवड्यांनी त्याचाच फोन. वडिलांच्या पायाची जखम भरत नाहीये, साखर तपासाल का. आणि लगेच, “पण बाई, देवाबिवाचं काय बोलायचं नाही.” मी म्हटलं, नाही बोलणार. गेलो. साखर 380. पाय काळा पडायला लागला होता. त्याच दिवशी साताऱ्याला आणलं. एक बोट काढावं लागलं, पाय वाचला. मी देवाचं अवाक्षर बोलले नाही.

आणि यावर आमच्या चर्चमध्ये जे रामायण झालं! एका वडीलधाऱ्याचं म्हणणं, तोंडाला कुलूप लावून केलेलं मिशन कसलं? दुसऱ्यांचं म्हणणं, राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने आपल्याला प्रचाराचा हक्क दिलाय, आपण भ्यायचं का? हक्क आहे, खरं आहे. त्याच कलमाबद्दल 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही म्हटलंय की आपला धर्म सांगायचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा मूलभूत हक्क नव्हे. पण मी वकील नाही. मी मीटिंगमध्ये एवढंच म्हटलं की मी शब्द दिला होता. जो माणूस दिलेला शब्द पाळत नाही त्याच्या देवावर कोण विश्वास ठेवील? टिळकांचं नाव घेतलं तेव्हा वडीलधारे जरा गप्प झाले. मतभेद मात्र मिटलेला नाही, आणि तो खोटा आहे असंही मी म्हणणार नाही. ज्याच्यामुळे आपण उठून दोन तास लांब जातो त्याचं नावच घ्यायचं नाही, याचा त्रास मलाही होतो.

पण आमच्याच बाजूच्या काही लोकांनी ही वेळ आणली आहे, हेही लिहिलं पाहिजे. प्रार्थनेने शुगर बरी होते, गोळ्या सोडा, असं सांगणारे फिरतात. डोकी मोजून वर आकडे पाठवणारे आहेत. त्यांना माणसाचं नाव आठवत नाही, संख्या आठवते. त्यांच्यामुळे माझ्यासारखीला ओट्यापर्यंत पोचायला आणखी एक वाकळ शिवावी लागते. आणि दुसऱ्या बाजूला, व्यासपीठावरून बक्षीस लावणाऱ्याला माणच्या वस्तीवर कुणाचा पाय कुजतोय हे कळायचं काही कारणच नाही.

तो थोराड पोरगा अजून माझ्याशी फारसा बोलत नाही. मागच्या खेपेला मात्र आम्ही पोचायच्या आधी त्याने समाजमंदिर उघडून झाडून ठेवलं होतं, टेबल मांडलं होतं, म्हाताऱ्यांना नंबर लावून बसवलं होतं. गमछा गळ्यात होताच. दुपारी भाकरी खाताना त्याने विचारलं, “ते पुस्तक आज आणलंय का?” मी म्हटलं, पर्समध्ये आहे. “बरं,” म्हणाला आणि पुढच्या म्हाताऱ्याला हाक मारली.

पुढची फेरी येत्या दुसऱ्या शनिवारी. सकाळी साडेसातला साताऱ्यातून निघतो, गाडीत दोन जागा आहेत. हिंदू, मुसलमान, बौद्ध, नास्तिक, कुणीही या. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या फार महाग झाल्यात, येताना एक डबी आणलीत तर बरं होईल.