शिरोलीचा एक फेरा आणि जुना संगणक

कोल्हापूरहून पुण्याच्या दिशेने निघाले की तावडे हॉटेलचा चौक मागे पडतो, पंचगंगेवरचा पूल लागतो आणि पुढे सांगलीकडे जाणारा फाटा येतो. तिथून थोडे पुढे गेले की हवेचा वासच बदलतो. भाजलेली वाळू, तेल आणि तापलेले लोखंड यांचा तो वास. ही शिरोलीची एमआयडीसी. मोटारी, ट्रॅक्टर आणि पंपांना लागणारे ओतीव भाग इथल्या फौंड्र्यांतून तयार होऊन देशभर जातात. आपल्यातल्या कित्येक घरांची चूल याच भट्ट्यांच्या जोरावर पेटते.

आमचा धाकटा भाऊ अशाच एका फौंड्रीत कामाला आहे. त्याची मुलगी, म्हणजे आमची पुतणी, तंत्रनिकेतनात संगणकाच्या वर्गाला जाते. अभ्यासाला घरात संगणक हवा, आणि नवा घेण्याची ऐपत नाही. म्हणून मागच्या वर्षी भावाने कुणा ओळखीच्याच्या ओळखीने एक जुना संगणक घेतला. बोनसचे पैसे त्यात गेले. महिनाभरात हार्डडिस्क बंद पडली आणि पोरीने रात्री जागून केलेले सारे काम तिच्याबरोबर गेले. पावती नव्हती. विकणाऱ्याने पुढे फोनही उचलला नाही.

"दादा, आता जुनं कायबी घ्यायचं न्हाई," भाऊ म्हणाला. पोरगी काही बोलली नाही, नुसती मान खाली घालून बसली. तिचे ते गप्प बसणे आमच्या मनाला लागले. जुने घेणे चूक नव्हते, न तपासता घेणे चूक होते, हे भावाला पटवायचे ठरवून त्याच्या सुटीच्या दिवशी आम्ही तिघे वडापने शिरोलीला निघालो.

एक गोष्ट आधीच सांगतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली यांच्यासारखा संगणकाच्या सुट्या भागांचा बाजार शिरोलीत मिळेल, अशी आशा धरून कुणी जाऊ नये. आम्हीही दुकान शोधायला गेलो नव्हतो. औद्योगिक वसाहतीतून जुना माल दोन वाटांनी बाहेर येतो. एक वाट भंगारवाल्याच्या वखारीची, दुसरी कारखान्याच्या ऑफिसातून थेट घेण्याची. सध्या असा माल बराच निघतो, त्याला कारण आहे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ ला इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर लागतात. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे चांगले चालणारे संगणकही ऑफिसे काढून टाकतात. शिकणाऱ्या मुलाला त्यांवर लिनक्स घालून कितीतरी काम करता येते, आणि लिनक्सला पैसे पडत नाहीत.

आधी वखारीत गेलो. एका बाजूला पत्र्याचे तुकडे, दुसऱ्या बाजूला लेथचा किस, आणि कोपऱ्यात संगणकांचे रिकामे-भरले डबे. भावाने एक मदरबोर्ड उचलला. मालक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनीच हात धरला. "पावणं, डबा न्या, बोर्ड नगा न्हिऊ. पुरातला हाय." त्यांनी डब्याच्या आतल्या बाजूची मातीची पुसट रेघ दाखवली. बोर्डावर सांधे हिरवे-पांढरे पडले होते, स्क्रूंना तांबेरा होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली, हे इथल्या माणसाला सांगायला नको. अशा पुरात भिजलेला बोर्ड वाळवला की पुन्हा सुरूही होतो. पण आतला गंज थांबत नाही. चार महिन्यांनी तो दगा देतो, तोवर विकणारा नामानिराळा झालेला असतो.

त्या गृहस्थांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तांबे काढायला वायरी जाळणे किंवा सोन्यासाठी बोर्ड तेजाबात घालणे हे त्यांनी आपल्या वखारीत बंद केले आहे. ते बरोबरच आहे. त्या बोर्डांत शिसे असते, आणि जळक्या प्लॅस्टिकचा धूर लहान मुलांच्या छातीत जातो. वस्तीत कुणी असे करीत असेल तर त्याला थांबवले पाहिजे.

तिथून एका कारखान्याच्या ऑफिसात गेलो. भावाच्या ओळखीने आधी विचारून ठेवले होते. हिशेबाच्या खोलीतले काही संगणक विकायला काढले होते, आणि दोन शॉपफ्लोरवरचे. पुतणीने दोन्हींची झाकणे उघडली. हिशेबाच्या खोलीतल्यात साधी धूळ होती. शॉपफ्लोरवरच्यात काळी बारीक वाळू आणि लोखंडाची भुकटी पंख्याला तेलाने चिकटून बसली होती. लोखंडाच्या भुकटीतून वीज वाहते, ती बोर्डावर बसली की शॉर्ट होण्याची भीती. भावाने ती बोटाने उचलली आणि हसला. "ही तर आमच्याच खात्यातली." तेव्हा आम्ही त्याला विचारले, "कास्टिंग पास करताना तू काय करतोस?" तो म्हणाला, "हातोडीनं वाजवून बघतो. आवाज फुटका आला की बाजूला." "मग इथंही वाजवूनच घ्यायचं," आम्ही म्हणालो.

पोरीने पेनड्राइव्हमध्ये दोन फुकट मिळणारे प्रोग्रॅम आणले होते. मेमटेस्ट८६ लावून रॅम तपासली. पूर्ण फेरी होईपर्यंत आम्ही चहा पिऊन आलो. एकही चूक दिसली नाही. मग क्रिस्टलडिस्कइन्फोने हार्डडिस्क पाहिली. ती ३१ हजार तास चालली होती. वर्षाचे तास ८,७६० धरले तर रात्रंदिवस साडेतीन वर्षे. शिवाय खराब होऊन बदललेल्या सेक्टरांचा आकडाही शून्य नव्हता. "काका, बाकी सगळं चांगलं हाय, पर डिस्क नको," ती म्हणाली. आम्ही डिस्क तिथेच ठेवून तेवढी किंमत कमी करून घेतली. ऑफिसने पावती दिली, तिच्यावर संगणकाचा सीरियल नंबर लिहून सहीशिक्का मारला. परतताना कोल्हापुरात एका दुकानातून नवी एसएसडी आणि नवा पॉवर सप्लाय गॅरंटीसह घेतला. त्या रात्री संगणक सुरू झाला. भावाने पावती घरातल्या रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली.

आमच्या वाचकांपैकी कुणाला असा फेरा करावा लागला तर या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. पहिली पसंती ऑफिसातून काढलेल्या मालाला, पण पावतीसह. दुसरी पसंती जुना माल दुरुस्त करून लेखी गॅरंटीवर विकणाऱ्या दुकानाला. भंगारातून फक्त डबा, वायरी, कीबोर्ड असल्या वस्तू घ्याव्यात. फोनवरच्या अनोळखी माणसाला आगाऊ पैसे कधीही देऊ नयेत.

२. प्रोसेसर सहसा बिघडत नाही, तो जुना चालतो. रॅमही तपासून चालते; मात्र आपल्या बोर्डाला डीडीआर३ लागते की डीडीआर४, हे आधी पाहावे. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.

३. मदरबोर्ड घेताना गोल कपॅसिटरची डोकी फुगलेली नाहीत ना, सॉकेटमधल्या पिना वाकलेल्या नाहीत ना, हे उजेडात पाहावे. बोर्ड चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

४. मॉनिटर पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर पाहावा, म्हणजे मेलेले ठिपके दिसतात.

५. हार्डडिस्क आणि पॉवर सप्लाय शक्यतो नवेच घ्यावेत. पॉवर सप्लायचा डबा घरी उघडू नये. वायर काढल्यावरही आत वीज साठलेली असते.

६. कंपनीचे लेबल खरवडलेले असेल, बायोसला पासवर्ड असेल आणि विकणारा पावती देत नसेल, तर तिथून उठावे. चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे वाटण्याजोगे कारण असताना घेणे हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. स्वस्ताईपायी पोराबाळांवर पोलीस ठाण्याची पायरी आणू नये.

७. पैसे मिळण्यासाठी मोबाइलवर पिन टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर ती फसवणूक समजावी. ऑनलाइन फसगत झाल्यास लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. दुकानदाराबद्दल ग्राहक म्हणून तक्रार असेल तर १९१५.

शेवटी एवढेच. आपली माणसे दिवसभर दुसऱ्याचा माल तपासतात. कुठे भोक आहे, कुठे तडा आहे, हे त्यांच्या हाताला कळते. पण स्वतःसाठी काही घ्यायची वेळ आली की समोरचा शिकलेला, टापटिपीचा दिसतो आणि आपण संकोचाने विचारतच नाही. "चालू करून दाखवा", "पावती द्या" हे म्हणायला कसली लाज? घामाचा पैसा आपला आहे. भाऊ आता खात्यातल्या सोबत्यांना हेच सांगतो. परवाच त्यातला एकजण मुलाला घेऊन घरी आला होता. पुतणीने त्याला पेनड्राइव्ह भरून दिला.