पुढचा लॉकर: बटन दाबायच्या आधी



थंडी सुरू झाली, शुक्रवारी पहाटे सीलाइनच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागायला लागली, आणि माझ्या इनबॉक्समध्ये दरवर्षीचा प्रश्न आला. "ताई, मुलगा अठराचा झाला, लायसन्स आलं, आता गाडीला पुढचा लॉकर बसवून मागतोय. बसवायचा का?" किंवा, "नव्या गाडीत बटन आहे, पण दाबायचं कधी?" एकेकीला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहिते. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

नवीन मंडळींसाठी ओळख: मी सीए, दोह्यात सोळा वर्षं, दोन मुलं. आठवडाभर ताळेबंद आणि हिवाळ्यातल्या सुट्टीला वाळवंट. मोठा आता १९ चा आहे. या डिसेंबरात तो पहिल्यांदाच आम्हाला न घेता, मित्रांबरोबर खोर अल उदैदला जायचं म्हणतोय. गाडी आमचीच, पुढे-मागे दोन्हीकडे लॉकर असलेली. म्हणजे हा प्रश्न माझ्याही घरातला आहे.

आधी लॉकर नेमकं काय करतो ते बघू. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांत १.६ मीटर अंतर धरलं तर एका काटकोनी वळणात बाहेरचं चाक जवळजवळ अडीच मीटर जास्त चालतं. हा फरक सांभाळायला डिफरन्शियल असतं. पण ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक हवेत लटकलं किंवा भुसभुशीत वाळूत गरगरायला लागलं, की त्याला जेवढा थोडासा जोर लागतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. एक चाक फिरत राहतं, दुसरं ढिम्म, आणि गाडी जागच्या जागी. लॉकर ही दोन्ही चाकं एकमेकांना बांधून टाकतो. मग दोघांनी एकाच वेगाने फिरायचं.

माझ्या डोक्यात हे भागीदारीच्या भाषेत बसलंय. भारतीय भागीदारी कायदा, १९३२, कलम २५: फर्मच्या देण्याला सगळे भागीदार मिळून जबाबदार, आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणेही जबाबदार. एका भागीदाराकडे दमडी नसेल तर सावकार सगळी रक्कम दुसऱ्याकडून वसूल करू शकतो. लॉकर लावला की ॲक्सलचं अगदी हेच होतं. डावं चाक हवेत असेल तर पुढचा सगळा जोर एकट्या उजव्या शाफ्टवर. वर सेंटर डिफरन्शियलही लॉक असेल आणि मागची दोन चाकं घसरत असतील, तर चार भागीदारांपैकी तिघं दिवाळखोर आणि सगळी वसुली एकाकडून!

बटन दाबल्याने इंजिनची ताकद एका न्यूटनानेही वाढत नाही. फक्त देणं कोणी भरायचं ते बदलतं. म्हणून बटन दाबायच्या आधी बघायचं, ज्याच्यावर सगळं येणार आहे त्याला ते झेपणार आहे का.

पुढच्या ॲक्सलचं दुखणं इथेच आहे. मागचा शाफ्ट सहसा सरळसोट लोखंडी दांडा, त्याला फक्त पीळ सोसायचा असतो. पुढच्या चाकाला जोर घ्यायचा असतो आणि वळायचंही असतं, म्हणून तिथे जॉइंट असतो. बहुतेक गाड्यांत तो अल्फ्रेड रझेप्पा या इंजिनियरने १९२० च्या दशकात काढलेल्या रचनेचा: एका कपात सहा गोळ्या, त्या खाचांतून सरकत जोर पुढे देतात. जुन्या लँड क्रूझरवाले ज्याला 'बर्फील्ड' म्हणतात तो याच जातीचा. चाक सरळ असताना हा जॉइंट भक्कम असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गोळ्या खाचांच्या टोकाशी, कपाच्या पातळ कडेजवळ येतात. तेव्हाच पूर्ण जोर आला तर कपाला तडा जातो.

थोडं गणित करू, आकडे फक्त समजण्यापुरते. एका पुढच्या चाकावर ७०० किलो भार आणि टायरची त्रिज्या ४० सेंटीमीटर धरा. वाळूत पकड ०.३ धरली तर शाफ्टवर साधारण ८०० न्यूटन मीटर जोर येतो, त्याच्या पुढे टायर घसरतो. कोरड्या दगडावर पकड ०.८ धरली तर तोच आकडा २२०० च्या आसपास जातो. गाडी तिरकी अडकून पुढचा बहुतेक भार त्याच चाकावर आला तर दुप्पट. आणि इंजिन हे देऊ शकतं का? ३०० न्यूटन मीटरचं इंजिन, फोर लो, पहिला गिअर, सगळ्या दातांचा गुणाकार ४० धरला तर १२,००० होतात. म्हणजे इंजिनकडे कधीच कमी पडत नाही. शाफ्टला वाचवत असतं ते टायरचं घसरणं.

म्हणून ढिगाऱ्यांमधल्या मऊ वाळूत पुढचे ॲक्सल तुलनेने कमी तुटतात आणि झिक्रीतकडच्या चुनखडीत जास्त. सगळ्यात वाईट म्हणजे दोन्हीची भेळ: वर चार बोटं वाळू, खाली दगड. चाक वाळूत जोरात गरगरतंय, ड्रायव्हर आणखी रेस देतोय, आणि अचानक चाकाला दगडाची पकड मिळते. फिरत्या चाकाचा सगळा वेग एका झटक्यात शाफ्टवर येतो. वरचं गणित या झटक्याला लागू पडत नाही. हवेत उचललेलं चाक रेस चालू असताना खाली आपटलं तरी तेच.

गेल्या हिवाळ्यात आमच्या चार गाड्यांच्या ताफ्यात असंच घडलं. पश्चिमेच्या बाजूला, दगडी पायरीसारखा एक चढ. एका कुटुंबाची जुनी गाडी, पुढचा लॉकर चालू, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, एक चाक पायरीला टेकलेलं. चढेना म्हणून थोडं मागे-पुढे झुलवलं, थोडी जास्त रेस, आणि 'खट्ट'. सुपारी फोडल्यासारखा आवाज. नंतर प्रत्येक वळणाला कडकड. मागच्या सीटवर दोन लहान मुलं, फोनला रेंज येऊन-जाऊन, सूर्य मावळायला दोन तास. गाडीला हाताने फिरवायचे हब होते म्हणून निभावलं. जॅक लावून चाक मोकळं फिरतंय ना ते आधी तपासलं, कारण फुटलेल्या जॉइंटचे तुकडे अडकले तर स्टिअरिंगच जाम होतं. मग दोन्ही पुढचे हब सोडले आणि गाडी फक्त मागच्या चाकांवर, पायी चालल्यासारखी बाहेर काढली. पक्क्या रस्त्यावर पोचलो तेव्हा पूर्ण अंधार होता. मुलांना खाकरे आणि लाडू देऊन गप्प बसवलेलं. कोणाला खरचटलंही नाही, पण परतीच्या वाटेवर चारही गाड्यांत कोणी गाणी लावली नाहीत.

आता स्टिअरिंगचं. पुढची दोन्ही चाकं बांधलेली असली की गाडीला सरळच जायचं असतं. तुम्ही वळवता तेव्हा तो अडीच मीटरचा फरक कुठेतरी जिरायला हवा. वाळूत टायर घसरून जिरतो. दगडावर जिरत नाही, मग ताण टायरॉडवर, त्याच्या टोकाच्या बॉल जॉइंटवर, स्टिअरिंगच्या रॅकवर किंवा बॉक्सवर येतो. आणि पॉवर स्टिअरिंगमुळे हाताला हे कळतच नाही. तुम्ही दोन बोटांनी फिरवताय, तिकडे पंप पूर्ण दाबाने ढकलतोय. चाक दगडात रुतलेलं असताना स्टिअरिंग रेटलं की टायरॉड वाकतो. ॲक्सल तुटला तर गाडी थांबते. टायरॉड तुटला तर एक चाक इकडे, एक तिकडे. उतारावर तसं झालं तर काय, ते मला लिहायचंही नाही.

तर आमच्या घरातले नियम. स्क्रीनशॉट काढून मुलांना पाठवा.

१. आधी हवा. वाळूत शिरण्यापूर्वी टायर १५ पीएसआयच्या आसपास. निम्म्या वेळा अडकणं इथेच टळतं.

२. क्रम ठरलेला: फोर लो आणि सेंटर लॉक, मग गाडीचं ट्रॅक्शन कंट्रोल, मग मागचा लॉकर. पुढचा सगळ्यात शेवटी. मागच्याने काम झालं तर पुढच्याला हात लावायचा नाही.

३. लॉकर लावायचा तो अडथळ्याच्या आधी, गाडी थांबलेली किंवा मुंगीच्या चालीने. चाक गरगरत असताना कधीच नाही.

४. पुढचा लॉकर चालू असेल तर चाकं शक्यतो सरळ. वळवावंच लागलं तर थोडंसं, आणि चालत्या गाडीत. पूर्ण वळवून रेस, हे कधीच नाही. रिव्हर्समध्ये तर आणखी जपून, कारण तेव्हा बऱ्याच गाड्यांत पुढच्या डिफरन्शियलचे दात त्यांच्या कमजोर बाजूने भार घेतात.

५. चाक उचललं गेलं किंवा गाडी उड्या मारायला लागली की पाय वर. झुलवून काढायचं नाही.

६. वळायच्या आधी लॉकर बंद. डॅशबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत थांबा. बटन बंद केलं तरी ताणामुळे तो कधी अडकून राहतो. थोडं पुढे-मागे सरळ चालवलं की सुटतो.

७. ढिगाऱ्याच्या उतारावर आणि तिरक्या बाजूवर पुढचा लॉकर बंदच. दोन्ही चाकं एकदम घसरतात आणि गाडी स्टिअरिंगचं ऐकत नाही, आणि तिथे तर ऐकणंच हवं असतं. डांबरी रस्त्यावर अर्थातच नाही.

८. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर उतरा. फावडं, वाळूच्या पट्ट्या, दुसरी गाडी. टोचन करताना दोर कंपनीच्या हुकलाच, ट्रेलरच्या गोळ्याला नाही. तो तुटला तर तोफगोळ्यासारखा येतो.

मग कधी वापरायचा? एक पुढचं आणि एक विरुद्ध बाजूचं मागचं चाक हवेत, अशी गाडी तिरकी लटकली असेल तेव्हा. सब्खाच्या चिखलातून आल्या वाटेने सरळ मागे यायचं असेल तेव्हा. दगडी पायरी सरळ चढायची असेल तेव्हा. पाच-दहा मीटरचं काम, झालं की बंद.

"जाड शाफ्ट बसवले तर?" असंही विचारतात. बसवा, पण मग पुढची कमजोर कडी कोण ते विचारा. शाफ्ट वाचला तर डिफरन्शियलचे दात जातील, आणि ते वाळवंटात बदलता येत नाहीत. मोठे टायर लावलेत तर जोर आणखी वाढतो. कमजोर कडी नेहमी असतेच. ती स्वस्त, हाताशी येणारी आणि बदलता येणारी असावी. बाहेरून लॉकर बसवणार असाल तर वाहतूक खात्याची परवानगी लागते का ते आधी विचारा, इस्तिमाराच्या वेळी अडायला नको. आणि विम्याची पॉलिसी काढून वाळवंटातलं नुकसान त्यात धरलंय का ते वाचा. शेवटच्या पानापर्यंत.

आता घरातलं. मुलगा म्हणाला, "आई, बटन दिलंय तर वापरायचं का नाही? बाबा तर म्हणतात गाडीच देऊ नको." मला त्याच्या बाबांचं पटत नाही. सहा महिन्यांनी तो शिकायला दुसऱ्या देशात जाणार. तिथे कुठली गाडी, कुठले मित्र, कुठला बर्फ, मला कळणारही नाही. इथे आपल्या मागे रात्री बाराला धावून येणारा मामा नाही, आहात ते तुम्हीच लोक. पण अजून तरी तो माझ्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. जे शिकायचं ते या अंतरात शिकलेलं बरं.

म्हणून तीन शुक्रवार आम्ही दोघं जातोय. तो चालवतो, मी शेजारी. पहिल्या शुक्रवारी दोन्ही लॉकर बंद, फक्त हवा, वेग आणि वाट निवडणं. दिवसभरात दोनदा अडकला, दोन्हीदा फावड्याने काढली. दुसऱ्या शुक्रवारी मागचा लॉकर, एकदाच लागला. दुपारी एका खड्ड्यातून निघताना त्याचा हात पुढच्या बटनाकडे गेला. मी काही बोलले नाही. त्याने खिडकीतून मान बाहेर काढून चाकं बघितली, स्टिअरिंग सरळ केलं, गाडी दोन फूट मागे घेतली आणि दुसऱ्या वाटेने निघाला. बटन तसंच राहिलं.

तिसरा शुक्रवार अजून बाकी आहे. पण किल्ली देणार हे माझं ठरलंय. अटी तीन: किमान तीन गाड्या, सूर्यास्ताच्या दोन तास आधी परतीला, आणि निघताना व पोचल्यावर फोन. ९९९ कधी लावायचा तेही सांगून ठेवलंय.

तुमची मुलं जात असतील तर आधी एकदा त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून या. गाडीला कुठले लॉकर आहेत ते माहीत नसेल तर डॅशबोर्डचा फोटो कमेंटमध्ये टाका, बघून सांगते. आणि येत्या शुक्रवारी कोणी सीलाइनला असाल तर हाक मारा. थालीपीठं जास्तीची आणणार आहे.