खतावणीतली रद्दी

"डेटाबेस स्लो झालाय रे, कुठला पॅरामीटर वाढवू?" हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला विचारतंच. विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. मग मीही देतो. पोस्टग्रेसमध्ये शेअर्ड बफर्स मुळात १२८ एमबी असतात, मशीन फक्त डेटाबेससाठी असेल तर रॅमच्या पाव हिश्श्यापासून सुरुवात कर. वर्क मेम ४ एमबी असते, ती मात्र जपून वाढव, कारण ती कनेक्शनमागे एकदा नाही, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला वेगळी मिळते. शंभर जणांनी एकदम मोठा रिपोर्ट काढला की मशीन आडवं. झालं, माझं ट्यूनिंगचं ज्ञान बहुतेक एवढ्यातच संपतं :)

गंमत नाही, पण नुसते आकडे वाढवून सुटलेली भानगड मी फारशी पाहिलेली नाही. ज्या पाहिल्या त्या निराळ्याच होत्या. त्यातली एक सांगतो.

एका दूध संस्थेचा डेटाबेस मी सांभाळतो. (नाव राहू दे.) सुमारे ४०,००० सभासद. सकाळ-संध्याकाळ गावोगावच्या केंद्रांवरून लिटर, फॅट, एसएनएफ येतात, प्रत्येकाच्या खात्यावरची बाकी बदलते, आणि दर दहा दिवसांनी पशुखाद्याची उचल वगैरे कापून दुधाचा पगार बँकेत जमा होतो. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्याचं किराण्याचं खातं त्या तारखेवर चालतं. त्यामुळे पगाराचा दिवस चुकवून चालत नाही.

एका पगाराच्या दिवशी एरवी पंधरा मिनिटांत निघणारी बिलं अडीच तास झाले तरी निघेनात. दुपारी दोनपर्यंत बँकेला फाईल द्यायची होती. हिशेबनीस काकांचा फोन आला, "अहो, केंद्रांवरून सारखे फोन येतायत. मशीन जुनं झालं का? नवीन मागवू?"

मशीनचा काही दोष नव्हता. इथे पोस्टग्रेसचा स्वभाव थोडा सांगायला हवा. जुन्या पद्धतीची खतावणी आठवा. लिहिलेली रक्कम खोडायची नाही, तिच्यावर आडवी रेघ मारायची आणि खाली नवीन नोंद करायची. पोस्टग्रेस अगदी हेच करतं. तुम्ही अपडेट म्हणता, पण ते जुनी ओळ तशीच ठेवून नवीन ओळ लिहितं. कारण असं की त्याच क्षणी दुसरं कुणी आधीचं चित्र वाचत असेल, तर त्याला ते तसंच दिसलं पाहिजे. रेघ मारलेल्या ओळी कुणालाच लागत नाहीत असं झालं की व्हॅक्यूम येऊन ती जागा मोकळी करतं. (१९८७ साली बर्कलीत स्टोनब्रेकर यांनी ही रचना मांडली तेव्हा जुन्या ओळी मुद्दाम जपून मागच्या तारखेचा डेटा बघता येईल अशी कल्पना होती. ती सोय पुढे काढून टाकली, झाडू मात्र राहिला.)

हा झाडू आपोआप चालतो. टेबलच्या २० टक्के अधिक ५० ओळी मेल्या की ऑटोव्हॅक्यूम उठतं. आमच्या टेबलला म्हणजे ८,०५० ओळींनंतर. दिवसाला ८०,००० अपडेट, म्हणजे ते दिवसातून कितीतरी वेळा येऊन जात होतं. लॉगमध्ये तशी नोंदही होती. पण प्रत्येक नोंदीत एकच रडगाणं: ओळी मेलेल्या आहेत, पण अजून काढता येत नाहीत.

का येत नाहीत? तर नऊ दिवसांपूर्वी कुणीतरी रिपोर्टचा प्रोग्राम उघडला होता. बेरजा मध्येच बदलू नयेत म्हणून तो रिपीटेबल रीड पद्धतीने ट्रान्झॅक्शन उघडतो. विंडो मिनिमाइझ झाली, कॉम्प्युटर बंद करायची तिथे पद्धत नाही, आणि ते ट्रान्झॅक्शन "आयडल इन ट्रान्झॅक्शन" या अवस्थेत नऊ दिवस बसून राहिलं. ते काहीच करत नव्हतं. पण त्याला नऊ दिवसांपूर्वीची खतावणी दिसायला हवी, म्हणून तेव्हापासूनची एकही ओळ झाडता येत नव्हती. ८०,००० गुणिले नऊ म्हणजे ७ लाख २० हजार मेलेल्या ओळी, आणि त्यांच्यात विखुरलेल्या ४०,००० जिवंत. बिलाचा प्रोग्राम तो सगळा ढीग पुन्हा पुन्हा उपसत होता.

उपाय सोपा, पण काकांच्या गळी उतरवणं अवघड. ते उघडं सेशन तोडायचं, चालू असलेला बिलाचा प्रोग्रामही थांबवायचा, टेबल झाडून घ्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. "अडीच तास चाललेलं बंद करायचं? अर्धवट बिलं राहिली तर?" त्यांची भीती खोटी नव्हती. सगळी बिलं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये निघतात हे मी कोड उघडून आधी बघून घेतलं होतं, म्हणून छातीठोक सांगू शकलो. आणि जुन्या ओळी जागेवरच असल्याने पोस्टग्रेसला रोलबॅकला वेळ लागत नाही. तो खतावणीचा स्वभाव इथे कामाला आला.

साधं व्हॅक्यूम जागा मोकळी करतं, पण टेबलची फाईल बहुधा तेवढीच मोठी राहते. म्हणून व्हॅक्यूम फुल चालवलं. त्यात टेबलला पूर्ण कुलूप लागतं, वाचतासुद्धा येत नाही. पण सकाळचं संकलन संपलेलं, संध्याकाळचं सुरू व्हायचं होतं, आणि जिवंत ओळी ४०,०००च. काही सेकंदांत झालं. फाईल एक चाळीसला बँकेत गेली.

नंतर शांतपणे बघताना आणखी एक सापडलं. बाकीच्या रकमेवर कुणीतरी पूर्वी इंडेक्स केला होता. तो एकदाही वापरला गेला नव्हता, पोस्टग्रेस त्याची मोजदाद ठेवतंच. जो कॉलम सारखा बदलतो त्यावर इंडेक्स असला की प्रत्येक अपडेटला टेबलवरच्या सगळ्या इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागते. नसला, आणि त्याच पानावर जागा असली, तर नवी ओळ शेजारीच बसते आणि इंडेक्सना पत्ताही लागत नाही. तो इंडेक्स काढला, फिलफॅक्टर १०० वरून ८० केला आणि टेबल पुन्हा लिहून घेतलं. वेग वाढवण्यासाठी मी तिथे केलेलं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे एक वस्तू फेकून देणं!

रिपोर्टसाठी वेगळा युजर केला, फक्त वाचण्यापुरता, आणि दहा मिनिटं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बसला तर त्याला बाहेर काढायचं असा नियम लावला. ही सोय २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून आहे, पण मुळात बंद असते.

हा युजर करायला परवान्यांची फाईल उघडली आणि पोटात गोळा आला. कुठल्याही पत्त्यावरून, कुणीही, पासवर्डशिवाय: ट्रस्ट. इन्स्टॉल करणाऱ्याने "तात्पुरतं" म्हणून लिहिलं असणार. पोस्टग्रेसला दोष देता येणार नाही, ते मुळात फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतं. म्हणजे त्या भल्या माणसाने दोन ठिकाणी मुद्दाम दार उघडलं होतं. वाचवलं ते फक्त फायरवॉलने. पोस्टग्रेसचा सुपरयुजर थेट ऑपरेटिंग सिस्टमच्या कमांड चालवू शकतो, त्यामुळे असं दार उघडं म्हणजे नुसता डेटा नाही, आख्खं मशीनच परक्याच्या हातात. ती फाईल वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ लागू होते, त्यामुळे खाली कितीही कडक नियम लिहा, वरची ट्रस्टची ओळ जिंकते. ती उडवली, सगळ्यांचे पासवर्ड स्क्रॅममध्ये नव्याने करून घेतले. एका केंद्राचा जुना ड्रायव्हर आठवडाभर कुरकुरला, मग तोही बदलला.

राहिला बॅकअप. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या इंजिनिअरने चुकून मुख्य सर्व्हरवरचा सुमारे ३०० जीबी डेटा पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती, ऐन वेळी एकही धड चालेना. पीजी डंप ९.२ चं आणि डेटाबेस ९.६ चा, म्हणून डंप होतच नव्हता, आणि तशी सूचना देणारे मेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. शेवटी सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढलेला स्नॅपशॉट सापडला, त्यावर निभावलं. त्यांनी हे सगळं जाहीरपणे लिहिलं याचं मला फार कौतुक आहे.

ते वाचल्यापासून मी बॅकअप झाला की नाही हे विचारतच नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी एका जुन्या डेस्कटॉपवर तो रिस्टोअर करतो. मग काका फायलीतून कुठलीही एक बिलाची पावती काढतात, कोड वाचतात, मी स्क्रीनवर बघतो. लिटर, फॅट, उचल, निव्वळ रक्कम. पैशापर्यंत जुळलं की काका पावतीवर बारीक टिक करतात आणि चहा मागवतात.