आईच्या गाण्यांची वही

डब्लिन आणि बेलफास्ट या दोन शहरांच्या साधारण मध्यावर, आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगत डंडॉक नावाचे गाव आहे. तेथील कॉर कुटुंबातील जेरी आणि जीन हे दांपत्य गाणारे होते. जेरी वीजमंडळात नोकरी करीत, जीन घर सांभाळीत, आणि दोघे मिळून गावातील छोट्या कार्यक्रमांतून लोकप्रिय गाणी सादर करीत. जिम, शॅरन, कॅरोलाइन आणि अँड्रिया ही त्यांची मुले. ज्या घरात आईवडिलांचा सराव हा रोजच्या व्यवहाराचाच भाग असतो, त्या घरातील मुलांना संगीत वेगळे शोधावे लागत नाही.

पुढे या चौघा भावंडांनी ‘द कॉर्स’ या नावाने आपला वाद्यवृंद उभारला. जिमकडे गिटार आणि कीबोर्ड, शॅरनकडे व्हायोलिन, कॅरोलाइनकडे ड्रम व डफासारखे दिसणारे बोरान हे आयरिश वाद्य, आणि धाकट्या अँड्रियाकडे मुख्य गायन व टिन व्हिसल नावाची सहा छिद्रांची छोटी बासरी. आधुनिक पॉप संगीतात त्यांनी आपल्या मातीतील सूर मिसळले. त्यांचा पहिला अल्बम १९९५ मध्ये आला. १९९७ चा दुसरा अल्बम पुढील वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपला. डंडॉकची मुले जगभर पोहोचली.

याच वैभवाच्या काळात घरावर आघात झाला. जीन यांना फुप्फुसाचा दुर्धर विकार जडला होता. फुप्फुस प्रत्यारोपणाची प्रतीक्षा करीत असतानाच नोव्हेंबर १९९९ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे त्यांचे निधन झाले. सभागृहे भरत होती, टाळ्या थांबत नव्हत्या. पण ज्या माऊलीने पहिल्यांदा कौतुकाने ऐकले, ती आता श्रोत्यांत नव्हती. पुढच्या वर्षीच्या अल्बममध्ये मुलींनी वडिलांच्या दुःखावर फुंकर घालणारे एक गीत लिहिले. तथापि आईचे ऋण एका गीताने फिटणारे नव्हते.

२००५ मध्ये ‘होम’, म्हणजे ‘घर’, या नावाचा त्यांचा अल्बम प्रसिद्ध झाला. त्यातील बहुतेक रचना पारंपरिक आयरिश असून त्या आईच्या गाण्यांच्या वहीतून निवडलेल्या आहेत. यशाची वाट माहीत असलेल्या कलावंतांनी ती बाजूला ठेवून जुन्या गाण्यांकडे वळणे हे व्यवहाराच्या दृष्टीने धाडसच होते. या अल्बमची विक्री आधीच्या अल्बमइतकी झालीही नाही. परंतु काही कामांचा हिशेब विक्रीच्या वहीत मांडायचा नसतो.

बारा रचनांच्या या संग्रहात झगमगाट नाही. ऑर्केस्ट्राची साथ आहे, पण ती आवाजाच्या मागे अदबीने उभी राहते. एका गीतात कॅलिफोर्नियात जाऊन राहिलेला माणूस स्वप्नात आपल्या गावच्या जत्रेला जातो, ओळखीच्या माणसांना भेटतो, आणि जागा होतो तो पुन्हा परदेशातच. भूक आणि दारिद्र्य यांमुळे लक्षावधी माणसे ज्या देशातून समुद्रापार गेली, त्या आयर्लंडमध्ये हे एकट्याचे स्वप्न राहत नाही. आई गमावलेल्या मुलांच्या मुखी मात्र त्याला आणखी एक अर्थ येतो. स्वप्नात घर जसेच्या तसे असते, जाग आल्यावर मात्र तेथे परत जाता येत नाही.

दोन गीते आयरिश भाषेत आहेत. त्या देशात दैनंदिन व्यवहार बहुतांशी इंग्रजीत चालतो. जी भाषा घराघरांतून मागे सरत गेली, तिच्यातील गाणी जगप्रसिद्ध गायिकेने जशीच्या तशी गावीत, यात पूर्वजांविषयीचा आदर आहे. भाषा ग्रंथालयात सुरक्षित राहते, हे खरे. पण ती जिवंत राहते ती कोणाच्या तरी ओठांवर.

या अल्बमनंतर भावंडांनी वाद्यवृंदाला दीर्घ विश्रांती दिली आणि प्रत्येक जण आपापल्या संसारात व कामात रमला. २०१५ मध्ये ते पुन्हा एकत्र आले आणि त्यांचा नवा अल्बम निघाला. त्याच वर्षी वडील जेरी यांनीही जगाचा निरोप घेतला.

‘होम’ची शेवटची रचना आवर्जून ऐकण्यासारखी आहे. आईच्या आठवणीतून उभा राहिलेला हा संग्रह शोकगीताने संपत नाही. तो संपतो लग्नघाईच्या एका जुन्या नृत्यधुनेने. व्हायोलिन, बोरान आणि बासरी एकमेकांना साद घालत धावू लागतात. शब्द तेथे उरतच नाहीत. आईवडील मुलांसाठी घरदार ठेवून जातात, दागिने ठेवून जातात. त्यांची वाटणी करावी लागते. जीन यांच्या वहीची मात्र वाटणी झाली नाही. ती उघडायची तर चौघांना एकत्र बसावे लागले.