कालनिर्णयाच्या चौकटीतलं ऊन

गुरुग्रामच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे दहा वर्षांची कालनिर्णय एकाच खिळ्याला लटकली आहेत. नवं वर्ष आलं की जुनं काढून रद्दीत टाकायचं, हा साताऱ्याचा रिवाज आईने इथे मोडला. कारण प्रत्येक तारखेच्या चौकटीत, संकष्टीच्या आणि दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, तिने पेन्सिलीने एक आकडा लिहून ठेवला आहे. गच्चीवरच्या सोलरने त्या दिवशी किती युनिट दिली, त्याचा. कुठे 14, कुठे साडेबारा, आंधीच्या दिवशी 6.

पॅनेलं 2015च्या नोव्हेंबरात बसली. पावतीवर अजून ‘गुडगाव’ आहे. गावाचं नाव पुढच्या वर्षी बदललं. दोनशे गजांच्या प्लॉटवरचं घर, गच्ची मोकळी, त्यावर 250 वॉटची निळी 12 पॅनेलं, म्हणजे 3 किलोवॉट. बसवणाऱ्याने जिन्यातल्या इन्व्हर्टरवरचा आकडा दाखवला आणि आई म्हणाली, “मग हा लिहून ठेवायला हवा. दूधवाल्याचा ठेवतोच की.” 2016 या पहिल्या पूर्ण वर्षाची बेरीज आली 4,212 युनिट.

पॅनेलाच्या कागदावर दोन आकडे छापलेले होते: दहा वर्षांनी मूळ क्षमतेच्या 90 टक्के, पंचवीस वर्षांनी 80 टक्के. काचेखालच्या सिलिकॉनच्या सेलमध्ये हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे तिथे घासण्यासारखं काही नसतं. वय दिसतं ते आजूबाजूला. सेलना धरून ठेवणारा पारदर्शक थर उन्हाने पिवळा पडतो, मागचा प्लास्टिकचा पडदा तडकतो, टाक्याचे सांधे रोजच्या तापण्या-निवण्याने सैल होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतल्या जॉर्डन आणि कुर्ट्‌झ यांनी जगभरच्या सुमारे दोन हजार नोंदी एकत्र केल्या, तेव्हा झिजेचा मध्यक (मीडियन) वर्षाला अर्धा टक्का निघाला. त्या हिशेबाने आमच्या पॅनेलांनी 2019मध्ये निदान 4,100च्या आसपास तरी युनिट द्यायला हवी होती.

आईची बेरीज 3,590 आली. तिने दोनदा केली, मग मला करायला लावली. पंधरा टक्के घट, अवघ्या तीन वर्षांत.

बसवणाऱ्या कंत्राटदाराचा माणूस आला, गच्चीच्या दारातूनच पाहून म्हणाला, “पुराने हो गए जी, बदलवा लो.” आई त्याच्यासमोर कालनिर्णय घेऊन उभी राहिली. चार वर्षांची वस्तू, पंचवीस वर्षांचा कागद, आणि हा म्हणतो म्हातारी झाली. त्याने कालनिर्णयाकडे पाहिलंही नाही.

मग आम्ही दुसरा एक इलेक्ट्रिशियन शोधला. तो 2020च्या फेब्रुवारीत थर्मल कॅमेरा घेऊन आला आणि अर्धा दिवस गच्चीवर राहिला. त्याने दाखवलेल्या गोष्टी मी आधी शंभर वेळा पाहिल्या होत्या, पण कळल्या नव्हत्या.

पहिली पांढरी रेघ. प्रत्येक पॅनेलाच्या खालच्या कडेला, चौकट जिथे काचेवर बोटभर उंच उभी राहते तिथे, पाणी साचून सुकलेला खडीसारखा थर. नखाने खरवडला तर निघेना. हे आमचंच कर्तृत्व होतं. आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी आई बादलीत धरायची आणि त्याच पाण्याने मी रविवारी पॅनेलं धुवायचो. पाणी वाचतंय याचं केवढं समाधान! आरओ जे क्षार पिण्याच्या पाण्यातून काढतं, ते सगळे त्या बादलीत येतात. गुरुग्रामचं पाणी मुळातच जड, त्यात हा अर्क. भर दुपारी तापलेल्या काचेवर तो ओतला की पाणी उडून जायचं आणि क्षार तिथेच राहायचे. सेलची तळची ओळ अर्धवट झाकली गेली होती. एका पॅनेलात 60 सेल वीस-वीसच्या तीन माळांत ओवलेले असतात. एका ओळीवर सावली पडली की ती ज्या माळेत असेल, ती सगळी माळच अडते.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्यात दिसली. दोन पॅनेलांना जोडणारा तारेचा कनेक्टर भोवतालापेक्षा कितीतरी तापलेला होता. उघडला तर आतून काळा, अर्धवट वितळलेला. बसवताना नीट दाबलाच नव्हता. तिसरी म्हणजे दोन पॅनेलांवरच्या वेड्यावाकड्या राखाडी रेघा, गोगलगाय चालून गेल्यासारख्या. त्या खरंतर सेलमधल्या केसाएवढ्या भेगांच्या खुणा. आईला कारण चटकन आठवलं. बसवणारा पोरगा बूट घालून पॅनेलांवरूनच पलीकडे गेला होता, आणि तिने “अरे, काचेवर पाय काय देतोस?” म्हणून त्याला हटकलंही होतं.

क्षार सौम्य आम्ल लावून, चार वेळा धुऊन काढले. कनेक्टर बदलला. भेगा तशाच राहिल्या, त्यांना औषध नाही. त्यानंतर धुणं पहाटे, काच थंड असताना, टाकीतल्या साठवलेल्या पावसाच्या पाण्याने; तो हंगाम सरला की पिण्याच्या पाण्याचं ओलं फडकं.

दोन महिन्यांत एप्रिल आला आणि चौकटींत 14, सव्वाचौदा असे आकडे दिसू लागले. आदल्या एप्रिलात साडेअकरा होते. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. पण तो 2020चा एप्रिल होता. रस्ते ओस, कारखाने बंद, आकाश इतकं निळं की मोर आमच्या पाण्याच्या टाकीवर दुपारीही येऊन बसू लागले. पुढे संशोधकांचा एक निबंध वाचला. त्याच टाळेबंदीत, मार्चअखेरीस, दिल्लीत जमिनीवर पोचणारं ऊन आधीच्या वर्षांपेक्षा सुमारे आठ टक्क्यांनी वाढलं होतं. म्हणजे आमच्या दुरुस्तीचं थोडं श्रेय त्या स्वच्छ हवेला द्यायला हवं होतं. त्याआधीच्या, 2016-17च्या मोजणीत, दिल्लीचं धुरकं वर्षाकाठी साडेअकरा टक्के ऊन अडवतं असं निघालं होतं. त्यात पॅनेलांचा काय दोष?

उन्हाळ्याचंही तसंच. पॅनेलाची क्षमता मोजतात ती 25 अंशांवर. मे महिन्यात, लू वाहत असताना, गच्चीवरचं पॅनेल साठी ओलांडतं आणि प्रत्येक अंशाला साधारण 0.4 टक्के वीज कमी होते. म्हणून ऊन सगळ्यात कडक असूनही आईचे मेचे आकडे एप्रिलच्या खाली राहतात. हा नुसता थकवा. फेब्रुवारीत तो उतरलेला असतो.

आमच्या घरापासून वीसेक किलोमीटरवर, फरिदाबादच्या रस्त्याला, अरवलीच्या कुशीत ग्वाल पहाडी आहे. तिथली राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था पूर्वी सौर ऊर्जा केंद्र म्हणून ओळखली जायची. देशातल्या पॅनेलांची तपासणी तिथे होते. या संस्थेने आणि पवईच्या आयआयटीतल्या फोटोव्होल्टेइक संशोधन केंद्राने 2013 पासून देशभर फिरून, गच्च्यांवरची आणि माळावरची पॅनेलं जागेवर मोजली. त्यातले दोन निष्कर्ष आमच्या गच्चीला तंतोतंत लागू पडतात. उष्ण प्रदेशात झीज जास्त, आणि गच्चीवरच्या छोट्या संचांची तब्येत मोठ्या प्रकल्पांपेक्षा वाईट. छपरावर खालून वारा कमी लागतो, हे एक कारण. घाईत, बूट घालून केलेलं काम हे दुसरं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या लुगानोचं. 1982च्या मे महिन्यात तिथल्या एका छपरावर 10 किलोवॉटची पॅनेलं बसवून ती वीजजाळ्याला जोडली; युरोपातली ती पहिलीच. 35 वर्षांनी मोजली तेव्हा निम्म्याहून जास्त पॅनेलं मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांच्या वर होती. कंपनी एक, छप्पर एक, ऊन एक. तरी काही खूप पिवळी पडली आणि काही टुणटुणीत राहिली. फरक होता काचेमागच्या चिकट थराच्या मिश्रणाचा. आपल्या पॅनेलाच्या पोटात कोणतं मिश्रण आहे, हे गच्चीवर उभं राहून कोणालाही सांगता येत नाही.

आमच्याकडे पहिला गेला तो इन्व्हर्टर, 2024मध्ये, नवव्या वर्षी. तो जाणारच होता. दहा-बारा वर्षं हे त्याचं वय. त्याच वर्षी पंतप्रधान सूर्यघर योजना आली, 3 किलोवॉटला 78,000 रुपयांचं अनुदान जाहीर झालं आणि जुन्या कंत्राटदाराचा फोनही आला. आता 540 वॉटची सहाच पॅनेलं पुरतील, जुनी भंगारात काढा, असा सल्ला. मी थोडा डळमळलो. आईने बेरजा पुढे ठेवल्या.

2021 : 3,990. 2025 : 3,846.

पहिल्या वर्षापासून नऊ वर्षांत 366 युनिटांची घट, म्हणजे पावणेनऊ टक्के. ही सगळी म्हातारपणाची नव्हे. शेजारच्या बंगल्याच्या जागी चार मजले उभे राहिल्यापासून जानेवारीत साडेतीननंतर आमच्या चार पॅनेलांवर सावली येते. शिवाय एखादं वर्ष ढगाळ, एखादं धुरकट. झीज नेमकी किती, हे पॅनेल उतरवून प्रयोगशाळेत मोजल्याशिवाय कळायचं नाही. पण कागदावरचं 90 टक्क्यांचं वचन आमची पॅनेलं अजून पाळत आहेत, एवढं दारामागच्या खिळ्यावरून कळतं. जुनी पॅनेलं राहिली.

नवीन सोलर बसवणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. काम चालू असताना गच्चीवर उभे राहा आणि पॅनेलांवर कोणालाही पाय ठेवू देऊ नका. आणि पहिल्या दिवसापासून आकडा लिहा, वहीत, मोबाइलमध्ये, कुठेही. कोणी “बदलवा लो” म्हणायला आलं, तर त्याच्यापुढे ठेवायला पहिल्या वर्षाचा आकडा हाताशी असू द्या.