आईचा वाकडा हात

आमच्या आईचा डावा हात कोपराशी वाकडा होता. हात सरळ खाली सोडला की कोपरापासून पुढचा भाग अंगाकडे वळे. लहानपणी आम्हां भावंडांना वाटे, सगळ्यांच्या आयांचे हात असेच असतात. पुढे शाळेच्या स्नेहसंमेलनाला ओळीने बसलेल्या आया पाहिल्या आणि शोध लागला, की हा खास आमच्या घरचा ऐवज आहे.

त्या हाताचा इतिहास जांब समर्थचा. जालना जिल्ह्यातले हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून सर्वांना ठाऊक आहे. आमच्या लेखी मात्र ते आधी आजोळ आणि मग तीर्थक्षेत्र. सहा-सात वर्षांची असताना आई तिथे चिंचेवरून पडली. हाडवैद्याने हात ओढला, बसवला आणि कामट्या बांधल्या. दीड महिन्याने सोडले तेव्हा हाड दगडासारखे पक्के सांधले होते. फक्त जसे सांधायला हवे होते तसे नव्हते. आई त्या वैद्याला कधी बोल लावीत नसे. म्हणे, "बसवणं त्याच्या हातात होतं, सांधणं माझ्या हाडाच्या. हाडानं आपलं काम चोख केलं."

तिचे हे म्हणणे किती शास्त्रशुद्ध होते, ते मला फार उशिरा कळले. मोडलेल्या हाडाभोवती रक्त साकळते. हाडावरच्या पातळ आवरणातल्या आणि आतल्या मगजातल्या काही पेशी जाग्या होतात, आधी कूर्चेचा मऊ सांधा रचतात आणि मग त्याचे हाड करतात. जखमेवर व्रण उरतो. हाडाच्या जागी मात्र पुन्हा खरेखुरे हाडच येते. डॉक्टर काय किंवा हाडवैद्य काय, दोन टोके समोरासमोर धरून ठेवणारे. लहान मुलांच्या हाडांचा वाकडेपणा वाढीबरोबर पुष्कळदा सरळही होतो. कोपराजवळ मात्र ही सवलत फारशी मिळत नाही, आणि आई नेमकी तिथेच मोडली होती.

या कामकरी पेशींना इंग्रजीत स्टेम सेल म्हणतात, मराठीत मूळपेशी. शब्द भारदस्त आहे, पण वस्तू आपल्या घरातली आहे. रोजच्या दह्यातले चमचाभर विरजण बाजूला राहते. त्याचे उद्याचे दही होते आणि त्यातलेही चमचाभर परवासाठी उरते. मूळपेशी दुभंगते तेव्हा एक भाग कामाला जातो आणि एक विरजण म्हणून मागे राहतो. आपल्या कातडीच्या तळाशी हे विरजण जन्मभर चालू असते. तिथे जन्मलेली पेशी सुमारे चार आठवड्यांत वर चढते आणि आंघोळीच्या वेळी मळ म्हणून निघून जाते.

जांबच्या रामनवमीच्या कीर्तनात आईने द्रोणागिरीची कथा लहानपणीच ऐकलेली. आपण सगळे 'संजीवनी' एवढेच म्हणतो. वाल्मीकींच्या युद्धकांडात मात्र औषधी चार आहेत. मृतसंजीवनी मेलेल्याला उठवणारी, विशल्यकरणी रुतलेला बाण काढणारी, सावर्ण्यकरणी कातडीला मूळचा वर्ण देणारी आणि संधानी मोडलेले सांधणारी. आईला चारही नावे पाठ होती. "संधानी अर्धीच मिळाली मला," असे ती कोपर दाखवून सांगे.

सावर्ण्यकरणीची गाठ आम्हांला २०११ च्या दिवाळीत पडली. आमच्या सौ. चकल्या तळत होत्या. ओट्यावरची कढई कलंडली आणि उकळते तेल उजव्या हातावर आले. पुढचे सांगत नाही. ज्यांच्या घरी हे घडले आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांच्या घरी घडले नाही त्यांनी ऐकू नये. दहा दिवसांनी डॉक्टरांनी सांगितले, की भाजणे खोल आहे, मांडीची कातडी काढून हातावर लावावी लागेल. मी मनात म्हटले, आता दोन जखमा!

पण मांडी बारा-तेरा दिवसांत भरून आली. वरचा अगदी पातळ पापुद्राच काढला होता. केसांच्या मुळांशी खोलवर विरजण शाबूत होते, तिथून नवी कातडी उगवली आणि चहूकडे पसरली. हातावर तेलाने ती मुळेच जाळली होती. भांडेच घासून टाकले तर दही लागणार कुठून? काढलेल्या पापुद्र्याला यंत्राने बारीक छेद देऊन तो जाळीसारखा ताणला होता. जाळीची भोके पुढे आपोआप बुजली. आज त्या हातावर फिकट चौकटी दिसतात, एवढेच.

ही विद्या आपल्याकडची म्हणून मिरवण्याचा मोह मला आवरत नाही. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. क्रूसो आणि फिंडले हे दोघे इंग्रज वैद्य ते पाहायला हजर होते. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह ही हकीकत आली आणि ती वाचून पुढे कार्प्यू नावाच्या शल्यवैद्याने १८१४ साली तिकडे तसेच नाक केले. पुण्याचा तो कारागीर विटा करणाऱ्या जातीचा होता, असे त्या पत्रात आहे. कावसजीचे नाव छापले, त्याचे छापले नाही.

सौ.च्या शेजारच्या खाटेवर एक तरुण मुलगी होती. स्टोव्हचा भडका. मांड्या, पाठ, काहीच शिल्लक नव्हते. काढायची कातडी कुठली? तिच्या अंगावर दुसऱ्याच कुणाची कातडी पसरली होती. आईने परिचारिकेला विचारले, "कुणाची?" "पेढीतली, आजी." आईला पेढी म्हणजे सराफाची ठाऊक. मग तरुण डॉक्टर स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्यांवरचा आणि पाठीवरचा पापुद्रा काढतात, ग्लिसरीनमध्ये थंड ठेवतात; तो वर्षानुवर्षे टिकतो, त्याला रक्तगट जुळावा लागत नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली अशी पेढी सुरू झाली. परकी कातडी काही कायमची राहत नाही. दोन-तीन आठवड्यांत शरीर ती झिडकारते. तेवढा वेळ मात्र ती अंगातले पाणी धरून ठेवते आणि जंतूंना बाहेर थोपवते.

"म्हणजे मांडव," आई म्हणाली. "वेल चढेस्तोवर."

हाडाचेही तसेच. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी आहे. दान मिळालेले हाड स्वच्छ करून, वाळवून आणि किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. ते निर्जीवच असते. रोग्याच्या पेशी त्यावर चढतात आणि आपले हाड रचतात.

पुढची मजल प्रयोगशाळेची. ऱ्हाइनवाल्ड आणि ग्रीन या दोघांनी १९७५ साली अमेरिकेत कातडीच्या पेशी बशीत वाढवून दाखवल्या. १९८३ साली जवळजवळ सर्वांगाने भाजलेले दोन लहान भाऊ अशा कातडीने वाचले. २०१५ साली जर्मनीत, जन्मजात रोगाने सोललेल्या सात वर्षांच्या मुलाला तर पेशींतला दोष सुधारून जवळजवळ ऐंशी टक्के नवी कातडी दिली. मात्र बशीतली कातडी वाढायलाही काही आठवडे लागतात. तोवर भाजलेल्या माणसाला पांघरूण कशाचे? पुन्हा पेढीचेच.

तेव्हा 'स्टेम सेल' या पाटीखाली गुडघे, केस आणि तारुण्य विकणाऱ्या दुकानांना वाचकांनी लांबूनच नमस्कार करावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, रक्ताच्या व तत्सम काही रोगांवरचे मूळपेशी-रोपण सोडून बाकी उपयोग प्रयोगाच्या चौकटीतच ठेवले होते. त्यानंतर परवानगी मिळाली ती मोजक्या औषधांना. माझ्या एका स्नेह्याने अशाच एका ठिकाणी निवृत्तीच्या पैशाचा मोठा भाग घालवला. गुडघा आहे तसाच आहे.

आईने त्याच दिवाळीनंतर त्वचादानाचा अर्ज भरला. २०१९ च्या पावसाळ्यात, पहाटे चारच्या सुमारास, झोपेतच ती गेली. वय ब्याऐंशी. डॉक्टरांचा दाखला हातात येईपर्यंत साडेपाच झाले. मी पेढीला फोन केला आणि मग जांबला मामांना.

"अर्ज कशाचा रे? मी निघालो बघ," मामा म्हणाले. "येईस्तोवर तिला हात लावू द्यायचा नाही. अग्नीला देह अख्खा द्यायचा असतो."

जांबहून मुंबई म्हणजे आठ-नऊ तास कुठे गेले नाहीत. पेढीची मुदत दहाला संपत होती. हाच धाकटा मामा, ज्याला आईने त्या वाकड्या हातावर खेळवले होते. सौ. काही बोलल्या नाहीत. दिवा सारखा करताना त्यांची बाही वर सरकली आणि चौकटींचा हात मला दिसला. सात वाजता पेढीची मंडळी आली. मी सही केली. पाऊण तासात त्यांचे काम झाले. रक्त नाही, विद्रूपता नाही. पांढऱ्या पट्ट्या बांधून, लुगडे नीट नेसवून त्यांनी आईला पुन्हा आमच्या स्वाधीन केले आणि जाताना सगळ्यांनी हात जोडले.

मामा दुपारी तीनला पोहोचले. चेहरा पाहिला, पाय पाहिले, पायांवरच्या पट्ट्या पाहिल्या. मी म्हणालो, "मामा, थांबता आलं नाही. तिचीच इच्छा होती." ते बराच वेळ माझ्याशी बोलले नाहीत. स्मशानातून परत आल्यावर मात्र दारातच थांबून विचारले, "फक्त कातडीच नेली ना? हाड नाही?"

"नाही मामा."

तिसऱ्या दिवशी अस्थी वेचायला आम्ही दोघेच गेलो. मामांनी राखेत डावी बाजू धरली आणि बराच वेळ एकेक तुकडा उचलून, बोटांनी पुसून पाहत राहिले. काय सापडले ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.